गंगव्वा चेलोची शाळा शोधते

गंगव्वाच्या घरात वाजणारी वस्तू नव्हती. देव्हाऱ्यात घंटासुद्धा नव्हती. मनूच्या बारशाला कुणीतरी खुळखुळा आणला, तो तिनं त्याच दिवशी शेजारणीच्या पोराला देऊन टाकला. गणपतीत टाळ मागायला पोरं आली की म्हणायची, "आमच्यात नाहीत. वर्गणी घ्या आणि वाटेला लागा." बंगळूरच्या राजाजीनगरातल्या त्या गल्लीत लोकांनी आपापला अर्थ लावला होता. कुणी म्हणे, बाई लाल बावट्याची, देवधर्म मानत नाही. कुणी म्हणे, दिवसभर पीण्या औद्योगिक वसाहतीत मोटारींच्या घरघरीत बसून कान किटले असतील. गंगव्वानं कुणाचाच गैरसमज दूर केला नाही. लोकांचे गैरसमज दूर करत बसायला ती काही सरकारी जाहिरात नव्हती.

जळालेल्या विजेच्या मोटारींत नवी तांब्याची तार भरायची, हे तिचं काम. नवरा मल्लाप्पा त्याच औद्योगिक वसाहतीत लेथवर. दोघंही निपाणीकडचे. घरात मराठी, गल्लीत कन्नड, कारखान्यात समोर येईल त्याची भाषा. बायकांसाठी संडास बांधत नाही म्हणून मालकाच्या केबिनसमोर रिकाम्या बादल्या मांडून बसली होती ती हीच. संडास झाला. मालक अजूनही तिला बघून घसा खाकरतो.

अशा बाईला खुळखुळ्याची भीती का वाटावी? तर कमलामुळं.

कमला तिची थोरली बहीण. केसांत जट आली म्हणून देवीला सोडलेली. जट म्हणजे दुसरं काय, पोर तापानं अंथरुणाला खिळली, केस कुणी विंचरले नाहीत, ते चिकटले. तेल आणि फणी एवढंच औषध होतं. पण घरात माणसं शहाणी नव्हती आणि गावात भली नव्हती. देवीनं बोलावलंय म्हणाले. गळ्यात तांबड्या-पांढऱ्या मण्यांची माळ घातली आणि काखेत चौंडकं दिलं. चौंडकं म्हणजे लाकडाचं पोकळ खोड, त्याला आतड्याची एकच तात. एका हातानं ती ताणायची, दुसऱ्यानं छेडायची, की ते माणसासारखं कण्हतं. त्या दिवसापासून कमला जोगतीण. दारोदार जोगवा मागायचा, म्हणतील तिथं वाजवायचं, आणि गावात ज्याचा शब्द चालतो त्याच्या घरी मागच्या दारानं जायचं. लग्न नाही, आणि नको म्हणायची सोयही नाही. पुढं ती खोकून खोकून मेली. गंगव्वा तोवर मल्लाप्पाबरोबर बंगळूरला आली होती. ती गावी पोचली तेव्हा माती सारखी करून झालेली.

चौंडकं थोरल्या भावाच्या, आप्पाजीच्या घरी खुंटीला लागलं. रीत अशी, की घरातली जोगतीण गेली की तिचं चौंडकं घरातल्याच एखाद्या पोरीनं उचलायचं. नाही उचललं तर ते मोकळं राहतं, आणि मोकळं चौंडकं घर खातं म्हणतात. याला बंदी घालणारा कायदा कधीचाच झालाय. कायदा कागदावर, चौंडकं खुंटीवर. दोघांनाही हलायची घाई नाही.

मनूला यातलं काहीच माहीत नव्हतं. आपल्याला एक मावशी होती, एवढंही नाही.

कमलाचं येणं-जाणं मात्र चालू होतं. मोटार भरून चाचणीला लावली की पहिल्या घरघरीत क्षणभर चौंडकं कण्हायचं. वार्निशच्या उग्र वासातून हळदीच्या भंडाऱ्याचा वास यायचा. पाठीमागं अनवाणी पावलं थांबल्यासारखी वाटायची. अशा वेळी मागं वळून बघायचं नाही, एवढं गंगव्वा शिकली होती.

मनूचं शाळेतलं नाव मनस्विनी. मल्लाप्पाला ते म्हणताना धाप लागायची म्हणून मनू. ती एकदा शाळेतून आली ती दप्तर न उतरवताच स्वयंपाकघरात.

"अव्वा, मला चेलो शिकायचाय."

"काय शिकायचंय?"

"चेलो. आज शाळेत चार वाजवणारे आले होते. व्हायोलिनसारखा असतो, पण हा एवढा मोठा. खुर्चीवर बसून मिठीत घ्यायचा आणि गजानं वाजवायचा. मला धरू दिला त्यांनी. अव्वा, तो वाजला ना, की इथं पोटात घुमतं."

गंगव्वा मेथी निवडत होती. तिनं काड्या पातेल्यात टाकल्या आणि पानं केरात.

"बघू," ती म्हणाली.

मल्लाप्पाच्या पोटात काही राहत नाही. दोन दिवसांत गावाहून आप्पाजीचा फोन आला.

"गंगे, ऐकलं ते खरं काय? पोरगी वाद्य मागतीया म्हणं?"

"शाळेतलं हाय, अण्णा. विलायती."

"देवीला विलायती काय आन् गावठी काय! तातेचंच न्हवं? तिनं पोरगी हेरली बघ. चौंडकं खुंटीवर आपसूक वाजतंय हल्ली. तुझी वैनी सांगत हुती."

"उंदरं झाली असतील. मांजर पाळा."

तिनं फोन तोंडावर आपटला. मल्लाप्पा चहा फुंकत बसला होता.

"हो म्हण नाहीतर नको म्हण," तो म्हणाला. "पोरीला मधे टांगून ठेवू नकोस."

"नको म्हटलं तर देवीच्या भीतीनं म्हटलं असं होतंय. म्हणजे अण्णा जिंकला."

"मग हो म्हण."

"हो म्हटलं तर देवीनं मागून घेतली म्हणंल. तरीबी अण्णाच जिंकला."

"मग तू काय करणार?"

"शाळा बघणार," गंगव्वा म्हणाली. "जिथं माझ्या पोरीवर कुणी हक्क सांगणार नाही अशी."

मल्लाप्पानं बशी खाली ठेवली. "चेलो शिकवतात काय ते बी बघ त्यातल्या त्यात."

मनूनं फोनवर कुणाला किती चांदण्या आहेत ते बघून तीन शाळा काढल्या. पहिली एका चकचकीत इमारतीत, वरच्या मजल्यावर. थंडगार हवा, भिंतीवर हसणाऱ्या पोरांचे फोटो. समोर बसलेल्या मुलीच्या छातीवर नावाची पट्टी होती, भव्या. तिनं दोघींना मऊ सोफ्यावर बसवलं.

"मेडम, आमच्याकडे सहा महिन्यांत बच्चा स्टेजवर."

"कुणासमोर?"

"पेरेंट्स असतात, गेस्ट असतात, स्पॉन्सर असतात..."

"आणि त्या दिवशी तिला वाजवायचं नसलं तर?"

भव्या गोड हसली. "वाजवतात मेडम. सगळेच वाजवतात. कंपल्सरी आहे."

सोफा शेजारी हलकेच दबला. कुणीतरी येऊन टेकावं तसा. गंगव्वानं तिकडं पाहिलं नाही. भंडाऱ्याचा वास नाकात घेऊन ती समोर बघत राहिली.

मनूनं चेलो बघायला मागितला. भव्यानं कपाटातून काढून आणला.

"याला तीनच तारा आहेत," मनू म्हणाली. "चार पाहिजेत ना?"

"ते सर बघतील."

"चेलोचे सर कुठायत?"

"सर आत्ता गिटार घेतायत. तेच चेलोपण घेतात."

"आणि उद्या तबला आला तर तोही तेच घेतील," गंगव्वा उठत म्हणाली. "चल गं."

दुसरी शाळा घराजवळच. गुंडूराव म्हणून म्हातारे गृहस्थ, स्वच्छ पांढरं धोतर, घरात उदबत्तीचा वास. आयुष्य व्हायोलिनमध्ये गेलेलं. त्यांच्या हाताखालची मुलं आत बसून एकसुरात सराव करत होती, आणि ती सुरात होती, हे गंगव्वालाही कळलं.

"चेलो म्हणजे थोरलं व्हायोलिनच की," ते म्हणाले. "बोटं कळली की झालं. पण माझी एक अट आहे अम्मा. मुलगी माझ्या हवाली करायची. मग ती माझी. मी काय शिकवलं, का रागावलो, मध्ये येऊन विचारायचं नाही."

"तुमची म्हणजे?"

"म्हणजे विद्येची."

"कुणाची तरी झालीच पाहिजे का ती?"

आतला सराव थांबला. मनूनं आईचा पदर ओढला. गुंडूरावांनी चष्मा काढून गंगव्वाकडं नीट पाहिलं. माणूस वाईट नव्हता. घरच्या, वाईट नसलेल्या माणसांनीच तर कमला देवीला सोडली होती.

"अम्मा," ते म्हणाले, "तुम्हाला शाळा नको आहे. वकील पाहिजे आहे."

तिसरी शाळा जे. पी. नगरात. मेट्रोनं जायचं, पुढं थोडं चालायचं. घराच्या तळमजल्यावर दोन खोल्या, बाहेर पाटी नाही. शिकवणाऱ्या बाई भाग्यलक्ष्मी. केस आखूड कापलेले, बोटं पुरुषासारखी जाड. एके काळी त्या सिनेमाच्या गाण्यांमागं वाजवणाऱ्यांच्या ताफ्यात होत्या. त्यांनी गंगव्वाशी आधी एक शब्द काढला नाही. मनूला खुर्चीवर बसवलं, पाय जमिनीला टेकतात का पाहिलं, खुर्ची बदलली, हाताचा पंजा उघडायला लावला.

"पूर्ण मापाचा नको तुला. पाऊण मापाचा बसेल. विकत घ्यायची गडबड करू नका, भाड्यानं मिळतो." मग मनूला, "चेलोच का? गिटार सोपी असते."

"तो ओरडत नाही," मनू म्हणाली. "खालच्या आवाजात बोलतो."

भाग्यलक्ष्मीबाईंनी स्वतःचा चेलो ओढून गुडघ्यांत धरला आणि सगळ्यात जाड तारेवर गज टेकवला.

आवाज फरशीतून आला. गंगव्वाच्या टाचांतून चढून मांडीपर्यंत आला. चौंडक्याची तात ताणली की अशीच कण्हायची, पण ती तुटून तुटून. हा सूर तुटतच नव्हता. समोरच्या भिंतीवर उन्हाचा चौकोन होता, त्यात हळदीसारखी धूळ उडत होती. शेजारच्या रिकाम्या खुर्चीतून कमला म्हणाली, "गंगे, सरक की जरा."

आणि गंगव्वा सरकली. खरोखर सरकली. मनूनं वळून पाहिलं, आई खुर्चीच्या कडेवर का बसलीय म्हणून.

गज उचलल्यावर गंगव्वानं घाम पुसला आणि तिसऱ्या शाळेला तोच प्रश्न विचारला. "हिला शिकायचं नको वाटलं तर?"

"तर नको."

"म्हणजे?"

"म्हणजे मला फोन करायचा, मी वाट बघत बसणार नाही. चेलो ज्याचा त्याला परत द्यायचा."

"एवढंच?"

"अजून काय पाहिजे?" बाई वैतागल्या. "आणि हे दार शिकवताना उघडंच असतं. तुम्ही इथं बसलात तरी चालेल, फक्त मध्ये बोलू नका. तुम्ही बोलणाऱ्यातल्या दिसता."

गंगव्वाला बाई आवडली. शिकवणी विजयादशमीला सुरू करायची ठरली. इथं सगळेच तो दिवस धरतात.

त्या दिवशी गंगव्वानं मनूला नवा ड्रेस घातला. मल्लाप्पा आदल्या दिवशी लेथची पूजा करून, कोहळा फोडून, पेढे खाऊन दमला होता, तो घरीच राहिला. तळमजल्याच्या खोलीत आठ-दहा पोरं, त्यांचे आईबाप, फुलांचा ढीग. सगळे चेलो भिंतीला टेकवून ओळीनं उभे, प्रत्येकाला हळदीकुंकू लावलेलं. गंगव्वानं स्वतःला बजावलं की लेथला लावतात, रिक्षाला लावतात, कॉम्प्युटरला लावतात, बाई गं, गप उभी राहा.

नव्या पोरांचा एक विधी होता. पहिली आली मनू. भाग्यलक्ष्मीबाईंनी हळदीत भिजवलेला लांब दोरा घेतला. एक टोक चेलोच्या मानेला बांधलं. दुसरं टोक घेऊन त्या मनूकडं वळल्या. मनगटालाच बांधायचा होता तो दोरा. पण मनूला काय माहीत, तिला वाटलं गळ्यात घालतायत. तिनं मान खाली घातली.

ती खाली गेलेली मान गंगव्वानं पूर्वी एकदा पाहिली होती.

पुढचं तिनं केलं की तिच्या हातांनी, ते तिला कधी नीट आठवलं नाही. दोरा तुटला. कुंकवाचं ताट भिंतीवर जाऊन आदळलं. चेलो घसरला, बाईंनी तो कसाबसा छातीवर झेलला. आणि गंगव्वा मनूच्या दंडाला धरून ओरडत होती, "कमला, ऊठ! ऊठ म्हणते ना! चल इथनं!"

लहान पोरं रडायला लागली. कुणाचा तरी बाप म्हणाला, "येन अम्मा, काय झालंय काय तुम्हाला?" गंगव्वानं त्याला एक शिवी हासडली. ती कन्नडमध्ये असल्यानं सगळ्यांना कळली.

मेट्रोच्या फलाटावर दोघी बाकावर बसल्या. मनूच्या नव्या ड्रेसवर कुंकू सांडलेलं. एक गाडी आली, गेली.

"कमला कोण?" मनूनं विचारलं.

गंगव्वा तिच्या ड्रेसवरचं कुंकू झटकायला लागली.

"मला तू कमला म्हणालीस. सगळ्यांसमोर. कोण ती?"

मग गंगव्वानं सांगितलं. जट, माळ, चौंडकं, मागचं दार, खोकला. पोरीच्या वयाला सांगावं तेवढं आणि थोडं जास्तच. समोरून गाड्या येत होत्या, दारं उघडत होती, मिटत होती. मनू रडली नाही. ती समोरच्या रुळांकडं बघत होती.

"तिला आवडायचं?" तिनं विचारलं.

"काय आवडायचं? अशा गोष्टी कुणाला आवडतील?"

"तसं नाही. वाजवायला. चौंडकं. चांगलं वाजवायची का मावशी?"

इतकी वर्षं त्या आवाजानं गंगव्वाचा पिच्छा पुरवला होता. पण तो आवाज कुणीतरी वाजवत होतं, आणि वाजवणारीला काय वाटत होतं, हे तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. गावानं कमलाला विचारलं नाही हे खरं. पण शेजारी बसून भाकरी खाणाऱ्या बहिणीनंही विचारलं नव्हतं.

"माहीत नाही," ती म्हणाली.

घरी आल्यावर मनूनं ड्रेस भिजत घातला आणि आतून सांगितलं, "मला नको चेलो. तू त्यांना फोन करून सांग."

गंगव्वाला हायसं वाटलं. छातीवरचा दगड उतरावा तसं. त्या दिवशी तिनं मनूच्या आवडीचं सगळं केलं. पुढचे काही दिवस घर पूर्वीसारखं निमूट झालं. फक्त कमला आता कारखान्यात थांबेना. ती घरी यायला लागली. मनू अभ्यासाला बसली की तिच्या खुर्चीमागं, मनू जेवायला बसली की तिच्या ताटापलीकडं. बोलायची काही नाही. मनूसारखीच. दोघी अशा गप्प, आणि मध्ये गंगव्वा भात वाढतेय.

आणि आप्पाजीचा फोन आला. मल्लाप्पानं तिकडंही कळवलं होतं.

"नको म्हणाली न्हवं? बरं झालं," आप्पाजी म्हणाला. "आता तिला एकदा हिकडं घेऊन ये. चौंडक्याला नुसता हात लावू दे. गुणाची पोरगी हाय, गंगे. मोठ्यांचा शब्द मोडत न्हाई. कमला बी तशीच हुती. एका शब्दात मान खाली घातली तिनं."

गंगव्वा मोटारीपुढं बसलेली. हातातली तार सुटून गुंता झाला. फोन कानाला तसाच.

एका शब्दात. मनूनंही एका शब्दातच सोडलं होतं. आणि तो शब्द गंगव्वाचा होता. माळ नाही, देवी नाही, गाव नाही. ताट भिरकावून, ओरडून, डोळे वटारून, तिनं एकटीनं ते काम केलं होतं, आणि वर हायसं वाटून घेतलं होतं.

"ऐकतीस काय?" आप्पाजी म्हणाला.

"ऐकलं. आता तू ऐक. तुझं चौंडकं तू सांभाळ. माझ्या पोरीनं काय उचलायचं ते माझी पोरगी ठरवंल."

"आन् देवीचा कोप झाला म्हणजे?"

"माझा झालाय, तेवढा आधी निस्तर. आन् पोरीला हात लाव म्हणायला पुन्यांदा फोन केलास, तर पोलीस घेऊन येते का न्हाई बघ."

शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, "गंगक्का, कुणाला झोडपलंस?"

"माझ्याच भावाला," गंगव्वा म्हणाली. "अजून एक माणूस राहिलंय. मी."

संध्याकाळी ती मनूसमोर बसली. बसायला जागा करावी लागली, पुस्तकं पसरली होती.

"तुला चेलो नको झालाय, की मला भिऊन नको म्हणतीस?"

"मला काय माहीत?"

"म्हणजे? तुला माहीत नाही तर कुणाला माहीत?"

"तू ओरडलीस की मला माझं कळतच नाही!" मनू उसळली. "तुझंच सगळं ऐकू येतं. घरात दुसऱ्याचा आवाज ऐकायला येतो का कधी? बाबांचा येतो? सांग ना!"

दारातून मल्लाप्पा म्हणाला, "माझं नाव मधे घेऊ नका."

गंगव्वाच्या ओठावर चार उत्तरं आली. तिनं ती गिळली. ज्यांनी तिला बादल्या घेऊन बसलेलं पाहिलंय त्यांनाच कळेल, हे किती जड काम होतं ते.

"मग जाऊन बघ," ती म्हणाली. "एकदाच. मी आत येणार नाही. नंतर हो म्हण, नको म्हण, मी एक शब्द विचारणार नाही."

"तू आत येणारच."

"नाही."

"येणार. तिसऱ्या मिनिटाला येणार."

"पैज लाव."

पण आधी भाग्यलक्ष्मीबाईंकडं जायचं होतं. दुसऱ्या दिवशी गंगव्वा कामावरून सुटून तशीच गेली, हाताला वार्निश. बाईंनी दार अर्धंच उघडलं. आतल्या भिंतीवर कुंकवाचा डाग होता. पुसायचा प्रयत्न केलेला, आणि पसरलेला.

"चुकलं माझं," गंगव्वा उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. आयुष्यात हे वाक्य तिनं फार वापरलेलं नव्हतं. ते तिच्या तोंडून शिवीसारखंच निघालं.

"पोरं घाबरली," बाई म्हणाल्या. "दोघांनी येणं बंद केलं. का केलंत ते तरी सांगा."

गंगव्वानं उभ्या उभ्या सांगितलं. बाई मध्ये बोलल्या नाहीत. ऐकून झाल्यावर त्यांनी दार पूर्ण उघडलं, पण चेहरा काही निवळला नाही.

"माझ्या गुरूंनी मला दोरा बांधला होता," त्या म्हणाल्या. "म्हणून मी बांधते."

"आणि त्यांच्या गुरूंनी त्यांना."

"हो."

"आमच्याकडंही असंच सांगतात."

बाईंना ते लागलं. जाड बोटं एकमेकांत अडकली. "तुमच्या गावचं आणि माझ्या घरचं एका मापानं मोजू नका, अम्मा. पुढच्या वर्षीही मी दोरा बांधणार. पण आधी विचारीन. ज्याला नको त्याला नाही. यापेक्षा जास्त मी कबूल करणार नाही."

"मी जास्त मागितलं नाही."

"मुलीला पाठवा. तुम्ही गेटबाहेर थांबा."

शनिवारी दोघी पुन्हा गेल्या. मनू फाटकातून आत गेली, दारात थांबून मागं वळली, आईनं हात बांधून घेतलेत हे बघितलं, आणि आत शिरली. दार शिकवताना उघडं ठेवायची तिथली पद्धत. त्या दिवशी मनूनं ते स्वतः ओढून घेतलं.

गंगव्वा लोखंडी फाटकाला धरून उभी राहिली. रस्त्यावरून भाजीची गाडी गेली. आतून पहिला आवाज आला तो पातेलं खरवडल्यासारखा. मग तसाच दुसरा, दात शिवशिवणारा. पलीकडच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई थबकून इकडं बघायला लागली. गंगव्वानं तिच्याकडं असं पाहिलं की ती बाई पुन्हा कपड्यांकडं वळली.

मग जाड तार लागली. गज कुठंतरी नीट बसला असावा. खोल, न तुटणारा सूर भिंतीतून आला, फाटकाच्या लोखंडात उतरला आणि गंगव्वाच्या तळहातांत थरथरला. हळदीचा वास आला. तिनं शेजारी पाहिलं, या खेपेला मुद्दाम वळून. शेजारी कुणी नव्हतं. मग कमला आत होती का? त्या बंद दाराआड, पोरीच्या खुर्चीमागं? गंगव्वाचे पाय आपोआप फाटकातून आत गेले. एक पाऊल, दुसरं.

"आवडायचं का गं तुला?" ती हळूच म्हणाली. सूर थांबला होता.

आतून बाईंचा आवाज आला, "छान. पुन्हा."

गंगव्वाचा हात दाराच्या कडीपर्यंत पोचला होता.

"नको," मनू म्हणाली. "आधी मला पाणी पाहिजे. हात दुखतोय."

"सरी, ठीक आहे," बाई म्हणाल्या. "फिल्टर तिकडं आहे."

खुर्ची सरकली. ग्लास भरल्याचा आवाज झाला. गंगव्वानं कडीवरचा हात काढला आणि पाऊल न वाजवता ती फाटकाबाहेर येऊन पुन्हा उभी राहिली. आत बराच वेळ काही वाजलं नाही. मनू सावकाश पाणी पीत होती, आणि तिला घाई कर म्हणणारं तिथं कुणी नव्हतं.